अर्ध्या जोडीची पांढरी कांडी

मी, मण्यांच्या दुकानाची मालकीण, वय वर्षे एकाहत्तर, गल्लीत सगळे मणीवाल्या काकू म्हणतात ती, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत लिहीत आहे. कुणी गळ घातली म्हणून नव्हे आणि कुणाच्या धाकानेही नव्हे. माझा हात अजून नीट लिहितो आहे, तोवर हे उरकावे, एवढेच कारण. याआधी मी एक मसुदा केला होता. तो वकिलांनी घरी येऊन मोठ्याने वाचला. वाचताना जे घडले त्यामुळे तो मसुदा रद्द समजावा. काय घडले ते नवव्या कलमात येईल.

माझी मनःस्थिती ठीक असल्याचे प्रमाणपत्र डॉक्टरांनी दिले आहे. ते आमच्या समोरच राहतात. त्यांनी रीतसर तपासले.

"झोप लागते का, काकू?"

"लागते."

"भूक?"

"लागते."

"मग त्रास काय होतो?"

"काहीच होत नाही. तोच काय तो त्रास."

त्यांनी प्रमाणपत्रावर 'सुदृढ मनाच्या' असे लिहिले. मी हरकत घेतली नाही.

कलम पहिले. घर, म्हणजे पुढचे दुकान, आम्ही काच वितळवून मणी करतो ती मधली कामाची खोली आणि मागच्या दोन खोल्या, माझ्यानंतर माझ्या सुनेचे. पूर्ण मालकीने. हयातीपुरते वगैरे काही नाही आणि कसली अटही नाही. मुलगा गेला तेव्हा ती तेहतीस वर्षांची होती. तिने दुसरे लग्न केले तरी घर तिचे, नाही केले तरी तिचे. हे मुद्दाम लिहिते आहे, कारण माझी थोरली, म्हणजे माझी मुलगी, हिने फोनवर याच गोष्टीवरून माझे डोके खाल्ले आहे.

"आई, उद्या ती दुसरं लग्न करून गेली म्हणजे?"

"म्हणजे जाईल. घर काही पाठीवर बांधून नेणार नाही."

"आणि त्या माणसाने इथे येऊन बस्तान मांडलं तर?"

"तर मांडेल. बर्नरपाशी उन्हाळा काढला की कळेल त्याला."

थोरली हसली नाही. मीही हसवायला बोलले नव्हते.

कलम दुसरे. बँकेतली शिल्लक, माझ्या दोन बांगड्या आणि शिवणाचे यंत्र थोरलीला. यंत्राला तेल लागते, तेल न घालता चालवू नये, मग खडखडाट होतो आणि दोष यंत्राला जातो. या वाटणीत आपल्या तोंडाला पाने पुसली असे तिला वाटेल. तिला तसे वाटू द्यावे, पण त्यासाठी वकील गाठू नये. तिचे घर आहे, नवरा आहे, तिच्याकडे मोठ्या खिडक्या आहेत. सुनेकडे हे घर आहे.

कलम तिसरे. कामाच्या खोलीतले सगळे सामान सुनेचे: दोन्ही बर्नर, केलेले मणी हळूहळू गार करायची विजेची भट्टी, चिमटे, मणी ज्यांच्यावर वळतात त्या सळया, त्यांना लावायच्या मातीचे डबे, काचेच्या कांड्यांच्या सगळ्या बरण्या. खिडकीजवळची खुर्ची मी गॅस सिलिंडरवाल्याला देणार होते, कारण तो गेली कित्येक वर्षे सिलिंडर आत आणून दिल्यावर तिच्यावरच बसतो आणि पाठीला बरे वाटते म्हणतो. पण तो या मृत्युपत्राचा साक्षीदार आहे आणि साक्षीदाराला काही ठेवता येत नाही. मी म्हणाले, मग त्याच्या बायकोला देते. वकिलांनी तेही खोडले. तेव्हा खुर्ची सुनेची, मात्र तो आला की त्याला तिच्यावर बसू द्यावे. याला कायदा आड येणार नाही, असे वकील म्हणाले.

कलम चौथे. काचवाल्या व्यापाऱ्याला माझ्याकडून काही नाही. त्याला काही अपेक्षाही नसेल, तरी लिहून ठेवते. लग्नानंतर दुसऱ्या की तिसऱ्या वर्षी त्याने आम्हाला नेहमीच्या पांढऱ्या कांड्यांच्या जुडीत दुसऱ्याच कारखान्याची पांढरी मिसळून दिली. गार असताना दोन्ही सारख्याच दिसतात. वितळतातही जवळजवळ सारख्याच. पण गार होताना एक जास्त आकसते, एक कमी, आणि एकाच मण्यात दोन्ही आल्या की मणी आतून ओढला जातो. लगेच काही होत नाही. आमच्या माळा गिऱ्हाइकांच्या घरी जाऊन, डब्यात बसून, मग तडकल्या. माझे यजमान दारोदार जाऊन त्या परत घेऊन आले. व्यापारी म्हणाला, "तुमचीच भट्टी गडबडली असेल." त्याने हात झटकले ते कायमचेच.

तेव्हापासून या घरात एक पद्धत आहे. पांढरीची नवी जुडी आली की तिचा एक मणी करायचा, तारेत ओवून खिडकीत टांगायचा आणि एक उन्हाळा, एक हिवाळा जाऊ द्यायचा. त्याला आम्ही साक्षीचा मणी म्हणतो. तो तडकला नाही, पिवळा पडला नाही, तरच बाकीची जुडी वापरायची. हे यजमानांनी सुरू केले, मी पाळले, मुलाने पाळले. व्यापारी अजून येतो, त्याला पाणी द्यावे, रंगीत काच त्याच्याकडूनच घ्यावी. रंगीतमध्ये तो सरळ आहे. पांढरी घेऊ नये.

कलम पाचवे. पांढरी कशी निवडावी.

वकिलांनी विचारले, "बाई, हे मृत्युपत्रात कशाला?" मी म्हणाले, असू द्या. पांढरी ही सगळ्या कामाची जमीन आहे. निळ्या पारदर्शक काचेच्या खाली पांढरी नसली की मणी बाटलीच्या तुकड्यासारखा काळपट दिसतो. लोकांना वाटते पांढरा म्हणजे पांढरा. एक पांढरी निळसर असते, एक पिवळट, एक अंगात दम नसलेली, पातळ केली की आरपार दिसते. निवडायची असेल तर दिवसाच्या उजेडात कोऱ्या कागदावर ठेवून पाहावी. दुकानदाराच्या दिव्याखाली पाहू नये.

मग कांडी ज्योतीच्या लांब टोकाशी धरावी. काही पांढऱ्या एकदम आच लागली की फुटतात आणि तुकडे अंगावर उडतात. माझ्या डाव्या मनगटावरचा डाग त्यातलाच आहे. मग काळ्या मण्यावर तिचे ठिपके द्यावेत आणि ज्योतीत नेहमीपेक्षा थोडे जास्त धरावेत. चांगल्या पांढरीचा ठिपका कड सोडत नाही. मऊ पांढरीचा ठिपका दुधावरच्या सायीसारखा पसरतो. काही पांढऱ्या फार तापल्या की त्यांना बारीक भोके पडतात, ज्योतीत हवा कमी असली की काही करड्या होतात. शेवटी नव्या पांढरीची कांडी आणि आपल्या नेहमीच्या काचेची कांडी शेजारी शेजारी वितळवून, चिकटवून, दोन्हींचा मिळून एक बारीक धागा ओढावा आणि गार होऊ द्यावा. धागा सरळ राहिला तर दोघींचे जमेल. वाकला तर नाही. वाकलेल्या धाग्याशी भांडत बसू नये.

एवढे करूनही मणी खिडकीत टांगावाच.

कलम सहावे. खिडकीतल्या तारेबद्दल.

आमची पांढरी, जिच्यावर मी हात बसवला, ती करणारा कारखाना पाच वर्षांपूर्वी बंद पडला. उरलेल्या जुड्या आम्ही पुरवून पुरवून वापरत होतो. माझ्या मुलाने ठिकठिकाणांहून पाच पांढऱ्या मागवल्या, प्रत्येकीचा मणी केला आणि एका तारेत ओवून टांगला. कोणती घ्यायची ते वर्षभराने ठरवू, म्हणाला. वर्ष संपायच्या आत तो गेला. तार मी कुणाला काढू दिली नाही. धूळसुद्धा मीच पुसत होते.

पाचातले दोन तडकले. एक पिवळा पडला. दोन राहिले, एक कडक पांढरीचा, जरा आमच्या जुन्या पांढरीच्या वळणाचा, आणि एक मऊ पांढरीचा. सुनेने मऊ निवडली. मला विचारले होते, पण मी उत्तर दिले नव्हते.

जुडी आली त्या दिवशी मी एवढेच म्हणाले, "त्याने ही घेतली नसती."

ती म्हणाली, "नसती घेतली. पण काम आता मला करायचंय, आई."

त्यानंतर आम्ही दोघी एकाच खोलीत काम करतो आणि कामापुरते बोलतो. चिमटा दे, गॅस संपत आला, कुरियर आलाय. भांडण म्हणता येणार नाही. भांडायला आतून काहीतरी यावे लागते.

तरीही या कलमाने लिहून ठेवते की या दुकानात पुढे कोणती पांढरी वापरायची हा निर्णय सर्वस्वी सुनेचा आहे आणि माझ्या नावाने कुणी तिला टोकू नये, थोरलीने तर नाहीच. मऊ पांढरी मला आजही आवडत नाही. पण सुनेचा हात माझ्यापेक्षा चपळ आहे, ती ठिपका पसरायच्या आत मणी ज्योतीतून बाहेर काढते. तिने त्या पांढरीत केलेल्या पाकळ्या मला कडक पांढरीत कधी जमल्या नाहीत. हे मी तिला तोंडाने सांगितलेले नाही. वकिलांनी वाचून दाखवावे.

कलम सातवे. हे कलम कशाचीही वाटणी करीत नाही, पण याच्याशिवाय पुढचे कळणार नाही.

माझा मुलगा चार वर्षांपूर्वी संध्याकाळी काम करता करता थांबला, बर्नर बंद केला, हातातली कांडी टेकणावर ठेवली आणि आत येऊन म्हणाला, "चहा टाकतेस का, जरा दमल्यासारखं झालंय." मी चहा टाकला. तो खुर्चीवर बसला तो उठला नाही. डॉक्टर समोरून धावत आले, पण त्यांच्या करण्यासारखे काही उरले नव्हते. चहा मी नंतर ओतून दिला आणि भांडे घासून ठेवले. लोक म्हणाले, बाई खंबीर आहे. मी खंबीर नव्हते. मला काही होतच नव्हते. आजपर्यंत झालेले नाही. रडू यावे म्हणून मी वाट पाहिली, मग वाट पाहणेही सोडून दिले. थोरली माझ्या गळ्यात पडून रडली तेव्हा तिच्या केसांना कुठल्या साबणाचा वास येतो आहे एवढेच माझ्या लक्षात आले.

दुसऱ्या दिवशी मी कामाच्या खोलीत गेले. टेकणावर त्याची कांडी होती. आमच्या जुन्या पांढरीची, वीतभरापेक्षा जरा लांब. तिचे टोक वितळून गोल झालेले होते, तसेच गार झालेले. मी ती जुन्या सुती फडक्यात गुंडाळून माझ्या कपाटात ठेवली. बाकीची जुनी पांढरी पुढे संपली. ही एकच राहिली.

कलम आठवे. माझ्यामागे गाजावाजा करू नये. दुकान एक दिवस बंद ठेवावे, जास्त नको. बंद करताना भट्टीचे बटण पाहावे. पाहुण्यांत सगळे विसरतात.

कलम नववे. पांढऱ्या कांडीबद्दल.

पहिल्या मसुद्यात मी असे लिहिले होते की कपाटातली पांढरी कांडी, फडक्यासकट, माझ्या देहासोबत जावी. वकिलांनी हे वाक्य वाचले तेव्हा सून त्यांना पाणी द्यायला आली होती. ती तांब्या हातात धरून तशीच उभी राहिली.

"आई, ती कांडी नका नेऊ."

वकिलांनी चष्मा काढला.

"का?" मी विचारले.

ती आत गेली आणि एक काड्यापेटी घेऊन आली. तीत कापसावर एक मणी होता. छोटा, पांढरा, कमरेशी एक निळी रेघ. आमच्या जुन्या पांढरीचा. ती पांढरी मी अंधारातही ओळखेन.

"हा कुठला?"

"त्या दिवशी भट्टीत होता. सगळे बाहेरच्या खोलीत बसले होते, तेव्हा मी काढला. माझ्या कानातल्यांसाठी करत होते ते. जोडी. हा एक झाला होता. त्या कांडीचं टोक गोल झालंय ना, ती दुसऱ्याची सुरुवात आहे."

त्या दिवशी भट्टीत काय होते हे मी चार वर्षांत एकदाही विचारले नव्हते. मला वाटत होते की ते टोक म्हणजे त्याचा शेवट आहे. ते कशाची तरी सुरुवात असेल हे माझ्या ध्यानातही आले नव्हते.

"दुसऱ्या पांढरीचा करून पाहिला असतास," मी म्हणाले.

"पाहिले. खिडकीतल्या पाचही पांढऱ्यांचे करून पाहिले. एकही जुळला नाही."

हे खरे असणार. जोडी एकाच कांडीची लागते, नाहीतर एक कान निळसर दिसतो आणि एक पिवळट. हे मीच तिला शिकवले होते.

"मागितली का नाहीस?"

"तुम्ही ती फडक्यात बांधून ठेवली होती, आई. कशी मागणार?"

वकील म्हणाले, हे वाक्य तूर्त बाजूला ठेवू का? मी म्हणाले, सगळा मसुदाच बाजूला ठेवा.

तेव्हा आता असे: सदर कांडी माझ्यानंतर सुनेला द्यावी. ती तिने जपून ठेवू नये, वापरावी. त्या कांडीवर थोरलीचा किंवा अन्य कुणाचा हक्क नाही आणि माझाही नाही.

कलम दहावे. वरच्या सगळ्याची अंमलबजावणी वकिलांनी करावी. त्यांची फी त्यांना पोचली आहे, तेव्हा टाळाटाळ करू नये.

वर लिहिलेले सर्व मी स्वतः वाचले, मला मान्य आहे, आणि दोन्ही साक्षीदारांच्या डोळ्यांदेखत मी सही केली आहे. त्यांनी माझ्यादेखत केली आहे.

स्थळ: दुकानामागची कामाची खोली
दिनांक: ९ नोव्हेंबर

सही: मणीवाल्या काकू

साक्षीदार पहिले, सही: समोरचे डॉक्टर
साक्षीदार दुसरे, सही: गॅस सिलिंडरवाले


पुरवणी

वरील मृत्युपत्राला ही पुरवणी त्याच महिन्याच्या १६ तारखेला जोडत आहे. मी सांगितले तसे डॉक्टरांनी लिहून घेतले. मी स्वतः का लिहिले नाही, ते शेवटी येईल.

नववे कलम रद्द. कारण असे की सिलिंडरवाल्याला सही करण्यापुरते बोलावले होते, पण त्याने सगळे मृत्युपत्र वाचले. साक्षीदाराने वाचायचे नसते म्हणे, पण त्याला कोण अडवणार? त्या दिवशी सही करून गेला. आज सिलिंडर घेऊन आला, खुर्चीवर टेकला आणि म्हणाला, "काकू, राग नसावा, एक विचारतो. सूनबाईंनी त्या मण्यासाठी तुम्ही जायची वाट बघत बसायचं का?"

मी म्हणाले, "तू तुझं काम कर."

तो म्हणाला, "झालंय माझं काम," आणि निघून गेला.

मी कपाट उघडले. फडके सोडले. सून खिडकीजवळच्या बर्नरवर पाकळ्या करीत होती. तिच्यापुढे कांडी ठेवली आणि म्हणाले, "घे."

तिने बर्नर बंद केला. "आत्ता?"

"आत्ता."

चार वर्षे गार पडलेली कांडी, तीही एकदा तापून तशीच गार झालेली, ज्योतीत सरळ धरली तर टोक उडून जाते. मग सुरुवात राहिली नसती. हे दोघींनाही माहीत होते. तिने कांडीचे टोक आधी भट्टीच्या तोंडाशी धरून ठेवले, बराच वेळ, तिचा हात भरून येईपर्यंत. मग मी धरले. मग पुन्हा तिने. मग तिने सळई घेतली, ज्योत लावली आणि कांडी लांबून, अगदी लांबून आत आणली. टोक तडकले नाही. आधी होते तसेच राहिले, मग लाल झाले, मग लोंबले, आणि तिने ते सळईवर गुंडाळले. त्याने गोल केलेले टोक आता मणी झाले होते. निळी रेघ तिने एका दमात ओढली. मणी भट्टीत गेला.

उरलेली कांडी तिने टेकणावर ठेवली, वीतभर राहिली होती. पांढरी काच गरम असली तरी जरा वेळाने तिची लाली जाते आणि ती गार असल्यासारखी दिसते. हे मी शिकाऊ मुलींना पहिल्या दिवशी सांगते. सगळा जन्म हे सांगण्यात गेला, आणि मी ती कांडी चुकीच्या टोकाने उचलली.

"आई!" सुनेने माझा हात ओढून नळाखाली धरला. "लागलं का?"

"लागलं," मी म्हणाले. आणि मला रडू आले. बोटांसाठी नव्हे. मी नळाखाली हात धरून रडत होते आणि ती माझी पाठ चोळत होती, आणि मला माझा मुलगा हवा होता, एवढेच मी पुन्हा पुन्हा म्हणत होते. ती म्हणाली, "मलापण." पाणी वाहून वाहून टाकी संपली असेल.

मग समोरून डॉक्टरांना बोलावले. बोटे बांधून झाल्यावर मी त्यांना हे लिहायला बसवले, आणि सिलिंडरवाला अजून गल्लीतच सिलिंडर देत होता, त्याला कोपऱ्यावरून परत बोलावले.

कांडीच्या उरलेल्या तुकड्याबद्दल सुनेने विचारले, "हा तुमच्यासोबत ठेवायचा का?" मी म्हणाले, बरणीत टाक. तिने मऊ पांढरीच्या बरणीत टाकला. मी पाहिले आणि राहू दिला.

मणी अजून भट्टीत आहे, गार व्हायला रात्र लागेल. जोडी सकाळी पुरी होईल. ती सुनेची आहे, तिला मी हयातीतच दिली आहे, तेव्हा ती या मृत्युपत्रात धरू नये. बाकी सर्व कलमे आहेत तशीच.

उजव्या हाताचा अंगठा आणि पहिले बोट भाजल्यामुळे ही सही मी डाव्या हाताने करीत आहे. ती वरच्या सहीशी जुळणार नाही. दोन्ही माझ्याच आहेत.

सही (डाव्या हाताची): मणीवाल्या काकू

साक्षीदार, सही: समोरचे डॉक्टर
साक्षीदार, सही: गॅस सिलिंडरवाले